तिकिटाचे उरलेले पैसे कोण भरतं? कोल्हापूरच्या विमानसेवेची गोष्ट



राजारामपुरीत उभं राहून विमानावर बोलायचं म्हटलं की सुरुवात नावापासूनच करावी लागते. ही वसाहत ज्या राजाराम महाराजांचं नाव लावते, त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ साली, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. त्या विमानतळालाही आपण त्यांचंच नाव लावतो. म्हणजे इथल्या गल्ल्या आणि तिथली धावपट्टी ही एका अर्थानं एकाच काळाची भावंडं आहेत.

आता एक साधा हिशेब बघा. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली १८५३ साली आणि कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. अडतीस वर्षं गेली. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानात, टपालाचं विमान उतरवलं ते १५ ऑक्टोबर १९३२ ला. आणि कोल्हापूरला विमानतळ झाला १९३९ साली. सात वर्षांत! रेल्वेच्या बाबतीत मागे राहिलेलं संस्थान विमानाच्या बाबतीत देशातल्या पहिल्या काही गावांच्या रांगेत येऊन बसलं.

आणि तरीही पुढच्या ऐंशी वर्षांत कोल्हापूरची विमानसेवा सलग कधी चाललीच नाही. येते, जाते. पेढे वाटले जातात, पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे मारले जातात, आणि मग एके दिवशी कळतं की बंद झालं. असं का? गावात याची दोन उत्तरं ठरलेली आहेत. एक म्हणजे 'आपल्याकडं प्रवासीच नाहीत', आणि दुसरं 'पुढाऱ्यांना पडलेली नाही'. दुसऱ्या उत्तरावर आम्ही आज बोलणार नाही, त्यासाठी निवडणुका आहेत. पण पहिलं उत्तर आम्हाला पटत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहती, इचलकरंजीचं कापड, हुपरीची चांदी, अंबाबाईला येणारे भाविक, एवढं सगळं असलेल्या जिल्ह्यात मुंबईला जाणारी पन्नास-साठ माणसं रोज मिळत नाहीत, हे रात्री मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

आम्हाला वाटतं, प्रश्न वेगळा विचारायला हवा. विमानाचं भाडं स्वस्त असतं तेव्हा त्या उड्डाणाचा खर्च तिकिटातून पूर्ण निघत नाही. मग उरलेले पैसे कोण भरतं? हा प्रश्न विचारला की प्रत्येक कंपनीचा इतिहास आपोआप उलगडत जातो. आणि एक गोष्ट लक्षात येते, की उरलेले पैसे भरणारा माणूस प्रत्येक वेळी कोल्हापूरच्या बाहेरचा होता. तो दमला, बुडाला किंवा त्याचं मन बदललं, की आपलं विमान बंद.

सुरुवातीपासून बघू. टाटांच्या पहिल्या वर्षात विमानानं प्रवास करणारी माणसं किती होती, माहीत आहे? १५५. अख्ख्या वर्षात! एका एस.टी.च्या तीन फेऱ्यांत बसतील एवढी. सरकारनं अनुदान द्यायला नकार दिला होता. वजनावर टपालाचे पैसे मिळायचे, त्यावर ती कंपनी चालली. म्हणजे या देशातल्या पहिल्या विमानसेवेचा खर्च माणसांनी नाही, पत्रांनी भरला. माणूस हा वरकड माल होता.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि संपलं. अमेरिकन सैन्याची डकोटा विमानं इथंच पडून होती, ती स्वस्तात विकायला निघाली. विमान स्वस्त मिळतंय म्हटल्यावर ज्याच्याकडं गाठीला पैसे होते त्यानं विमान कंपनी काढली. सरकारनंही परवाने सढळ हातानं दिले. मुंबईतल्या अंबिका एअरलाइन्ससारख्या कंपन्या दोन-तीन वर्षांतच गेल्या. बाकीच्यांची इतकी ओढाताण झाली की १९५० साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. समितीचा निष्कर्ष आजच्या भाषेत सांगायचा तर असा, की ताट एक आणि जेवणारे दहा. मार्ग थोडे, प्रवासी थोडे आणि परवाने भरमसाट. कंपन्या एकत्र करून चारच ठेवा, असं समितीनं सुचवलं. सरकार त्याच्याही पुढं गेलं. १९५३ च्या कायद्यानं कंपन्या राष्ट्रीयीकृत झाल्या आणि आठ कंपन्यांची मिळून एक इंडियन एअरलाइन्स झाली.

राजाध्यक्ष समितीची आठवण आज कुणी काढत नाही. पण नव्या विमान कंपनीबद्दल बोलताना ती काढायला हवी, कारण त्या काळातली चूक पुढं दोनदा तशीच्या तशी झाली. विमान स्वस्त मिळालं म्हणजे विमानसेवा स्वस्त होते, हा तो गैरसमज. विमान हा खर्चातला एक तुकडा झाला. इंधन, देखभाल, वैमानिक, विमानतळाचे आकार आणि रिकाम्या खुर्च्या यांचं काय?

रिकाम्या खुर्चीवर थोडं थांबूया, कारण खरी मेख तिथं आहे. आपल्याकडं वडाप असतं. वडापवाला काय करतो? चौकात उभा राहतो, 'कागल, कागल' ओरडतो, आणि गाडी भरल्याशिवाय हलत नाही. त्याच्या धंद्यात रिकामी खुर्ची हा प्रकारच नाही. उलट टपावर दोघं जास्तच असतात. विमानाला हे चालत नाही. सकाळी साडेदहाचं विमान साडेदहालाच निघालं पाहिजे, दहा माणसं असोत की सत्तर. आणि निघालं, की त्या दिवशीची रिकामी खुर्ची कायमची गेली. ती उद्या विकता येत नाही. म्हणून स्वस्त विमानसेवा काढणारा प्रत्येक जण मनातून वडापवाला असतो आणि कागदावर त्याला एस.टी.सारखं वागावं लागतं. या दोन गोष्टींचा मेळ घालणं हीच त्याची रोजची कसरत.

राष्ट्रीयीकरणानंतर लहान गावांकडं लक्ष गेलं ते १९८१ साली, वायुदूत निघाली तेव्हा. मुळात ती ईशान्य भारतासाठी होती. मग प्रत्येक खासदाराला आपल्या गावात विमान हवं झालं आणि वायुदूत शंभराच्या आसपास ठिकाणी पोचली. त्यात कोल्हापूरही होतं. कानपूरला तयार होणारं एकोणीस जागांचं डॉर्निअर विमान होतं. उरलेले पैसे सरकार भरत होतं. तोटा वाढला, सरकार दमलं, १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं आणि लहान गावं एकेक करून गळाली. नव्वदच्या दशकात आलेल्या ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त वगैरे कंपन्यांबद्दल आपण इथं फार बोलायला नको. त्या आपल्यापर्यंत आल्याच नाहीत आणि त्यांचं भाडंही स्वस्त नव्हतं.

आता येतो तो माणूस, ज्याच्यामुळं 'स्वस्त विमान' हा शब्द मराठी घरात पोचला. कॅप्टन गोपीनाथ. कर्नाटकातल्या गोरूरचे. लष्करातून बाहेर पडले, शेती केली, मग हेलिकॉप्टरची कंपनी काढली, आणि ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन. त्यांनी कंपनीचं चिन्ह म्हणून काय घेतलं? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांचा कोट घातलेला तो म्हातारा, जो आयुष्यभर कोपऱ्यात उभा राहून सगळं गपचूप बघत आला, तो विमानावर चढला. आमच्या मते भारतातल्या कुठल्याही कंपनीनं निवडलेलं हे सगळ्यात नेमकं चिन्ह आहे.

गोपीनाथांनी नवीन काय केलं? फुकटचं जेवण बंद केलं. एजंटाचं कमिशन वाचवायला तिकीट संगणकावर आणि फोनवर विकलं, पेट्रोल पंपावरसुद्धा विकलं. सुरुवात पंख्याच्या एटीआर विमानांनी केली आणि ज्या गावांत मोठ्या कंपन्या जात नव्हत्या तिथं ती नेली. एक रुपयाचं तिकीट काढलं. एक रुपयाच्या तिकिटाची चेष्टा झाली, पण त्यामागं वडापवाल्याचं गणित होतं: जी खुर्ची रिकामीच जाणार आहे तिचा एक रुपया आला तरी आला, आणि त्या निमित्तानं जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला तो पुढच्या वेळी हजार-दोन हजार देईल.

हे तंत्र गोपीनाथांचं एकट्याचं नव्हतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या साउथवेस्ट कंपनीनं १९७१ साली तीन शहरांवर सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पैशाची इतकी चणचण झाली की चारातलं एक विमान विकावं लागलं. मग चार विमानांचं टाइमटेबल तीन विमानांत बसवायचं कसं? त्यांनी ठरवलं, विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे. माणसं उतरवा, झाडू मारा, माणसं चढवा, चला. त्या दहा मिनिटांवर पुढं जगभरच्या स्वस्त विमानसेवा उभ्या राहिल्या. कारण विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याचं भाडं चालूच असतं, कमाई मात्र शून्य.

याच्या उलट इंग्लंडातले फ्रेडी लेकर. १९७७ मध्ये त्यांनी लंडन-न्यूयॉर्क ५९ पौंडांत नेऊन दाखवलं. लोकांनी रस्त्यावर झोपून रांगा लावल्या. १९८२ च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं. विमानं भरत नव्हती म्हणून नाही. विमानांसाठी काढलेलं कर्ज डॉलरात होतं आणि कमाईचा मोठा भाग पौंडात. पौंड घसरला. शिवाय मोठ्या कंपन्यांनी भाडी खाली आणून त्यांना घेरलं.

हे डॉलरचं दुखणं नीट लक्षात ठेवा, कारण ते आपलंही आहे. भारतातल्या बहुतेक विमान कंपन्यांची विमानं भाडेपट्ट्यावर असतात आणि ते भाडं डॉलरात जातं. सुटे भाग डॉलरात. इंधनाची किंमत जगाच्या बाजारात डॉलरात ठरते, त्यावर राज्य सरकारांचा कर वेगळा. आणि तिकीट? तिकीट आपण रुपयात काढतो, त्यातही घासाघीस करून.

एअर डेक्कन झपाट्यानं वाढली. चाळीसहून जास्त विमानं, साठहून जास्त शहरं. याच काळात मुंबईचं विमान पुन्हा कोल्हापूरला उतरायला लागलं. पण एटीआरबरोबर एअरबसही घेतल्या होत्या. दोन जातींची विमानं म्हणजे वैमानिक दोन प्रकारचे, सुट्या भागांची गोदामं दोन आणि इंजिनिअरही दोन तऱ्हेचे. उरलेले पैसे आता भागधारक भरत होते. २००६ साली शेअर बाजारात उतरली तेव्हा बाजारच गडगडत होता, आणि भागविक्री कशीबशी तडीस गेली. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या किंगफिशर गटानं २६ टक्के हिस्सा ५५० कोटींना घेतला.

आता हा भाग कोल्हापूरकरांनी मुद्दाम ऐकावा. मल्ल्यांना डेक्कन कशासाठी हवी होती? त्यांची स्वतःची किंगफिशर २००५ ची. तेव्हा नियम असा होता, की परदेशी उड्डाण करायचं तर कंपनीला पाच वर्षं पूर्ण हवीत आणि वीस विमानं हवीत. किंगफिशरला पाच वर्षं व्हायला वेळ होता. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. दोन्ही कंपन्या एक झाल्या, ऑगस्टात डेक्कनचं नाव किंगफिशर रेड झालं, आणि सप्टेंबरात किंगफिशरचं विमान बेंगळुरूहून लंडनला गेलं. स्वस्त तिकिटाचा व्यवसाय चालवावा हा या खरेदीतला एक विचार असेलही, पण डेक्कनचं वय ही त्यातली मोठी किंमत होती. ज्या कंपनीचा कॉमन मॅन हुबळी-कोल्हापूरला फिरायचा, ती विकत घेतली गेली त्यात लंडनचा वाटा होता.

त्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला. पुढची तीन वर्षं उरलेले पैसे आधी बँकांनी भरले. मग कर्मचाऱ्यांनी भरले. कित्येक महिने पगार न घेता काम करणं म्हणजे दुसरं काय असतं? सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्यांनी स्वस्त सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास कोल्हापूरचं विमान थांबलं, आणि २०१२ मध्ये अख्खी किंगफिशर जमिनीवर आली. नंतरची साडेसहा वर्षं उजळाईवाडीला नियमित प्रवासी विमान नाही. धावपट्टी होती, वारा दाखवणारा मोजा होता, पहारेकरी होते. उद्योजक पुण्याला किंवा बेळगावला गाडीनं जाऊन विमान पकडत होते.

मग आली 'उडान'. हवाई चप्पल घालणाऱ्यानं हवाई जहाजात बसावं, असं पंतप्रधान म्हणाले. (आमच्या गावाला यात थोडी अडचण, आमची चप्पल चामड्याची असते.) योजना मात्र विचारपूर्वक आखलेली होती. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी साधारण २,५०० रुपयांची मर्यादा. जी तूट पडेल ती तीन वर्षं सरकारी निधीतून भरायची. त्यातला २० टक्के वाटा राज्याचा. तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला यायला मनाई. त्या विमानतळावर भरलेल्या इंधनावर राज्याचा कर १ टक्का, जिथं मुंबईत तो २५ टक्के होता. पोलीस आणि अग्निशमन राज्यानं फुकट पुरवायचं. आणि निधी कुठून? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार बसवून. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी कोल्हापूरच्या प्रवाशाचे उरलेले पैसे भरणार. कागदावर एवढी चोख व्यवस्था याआधी कुणी केली नव्हती, हे मान्य करायला हवं.

मार्च २०१७ मध्ये पहिल्या फेरीत १२८ मार्ग दिले गेले. त्यातले ५० एअर ओडिशाला आणि ३४ एअर डेक्कनला. हो, तेच नाव, पुन्हा. १२८ पैकी ८४ मार्ग अशा दोन कंपन्यांकडं, ज्यांच्याकडं १८-१९ जागांची छोटी विमानं होती आणि तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुंबई-कोल्हापूर डेक्कनकडं आला आणि २०१८ मध्ये बीचक्राफ्ट विमान उजळाईवाडीला उतरलं.

इथं एक भागाकार करू. अठरा जागांच्या विमानाला वैमानिक दोन. म्हणजे एका वैमानिकामागं नऊ प्रवासी. बहात्तर जागांच्या एटीआरलाही वैमानिक दोनच, म्हणजे छत्तीस. एकशे ऐंशी जागांच्या एअरबसला नव्वद. पगार, प्रशिक्षण, परवाने, तपासण्या, सगळं याच प्रमाणात विभागलं जातं. विमान जितकं लहान तितकी एक खुर्ची महाग. लहान गावाला लहान विमान, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण स्वस्त भाडं आणि लहान विमान यांचं जमत नाही. छोटं विमान ही श्रीमंतांची वस्तू आहे. अठराच्या अठरा जागा भरल्या तरी तूट उरते, आणि ती भरणारा कुणीतरी हवाच.

पुढची अडचण मुंबईची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. तिथं उतरायची वेळ मिळणं ही कोल्हापुरात खुर्ची भरण्यापेक्षा अवघड गोष्ट. त्या एका वेळेत एकशे ऐंशी माणसांचं विमान उतरवायचं की अठरा माणसांचं? विमानतळ चालवणाऱ्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? त्यामुळं आपलं विमान आठवड्यातून काहीच दिवस, आणि तेही अडनिड्या वेळी. मंत्रालयात काम असलेल्या माणसाला सकाळी जाऊन रात्री परत यायचं असतं. त्याला ते जमेना. महालक्ष्मी एक्सप्रेस आणि रात्रीची स्लीपर बस हेच त्या विमानाचे खरे स्पर्धक. बसवाला रात्री जेवण झाल्यावर तुम्हाला झोपवतो आणि सकाळी मुंबईत उठवतो. दिवस मोडत नाही, हॉटेलचा खर्च नाही. आणि ती रोज असते. एक बस बिघडली तर दुसरी येते. दोन-चार विमानं असलेल्या कंपनीचं एक बिघडलं की त्या आठवड्याचं टाइमटेबलच बिघडतं. प्रवाशाला दोनदा असा अनुभव आला की तिसऱ्यांदा तो विमानाचं नाव काढत नाही, भाडं कितीही असो.

डेक्कनची ती सेवा रडतखडत चालली आणि थांबली. २०२० च्या साथीत कंपनीच बंद झाली. मुंबईचा मार्ग २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रूजेटनं घेतला, एटीआर घेऊन. २०१७ च्या एप्रिलमध्ये 'उडान'च्या अगदी पहिल्या दिवशी नांदेड-हैदराबाद नेणारी हीच कंपनी. ती २०२२ मध्ये थांबली.

यांच्याशेजारी इंडिगो ठेवून बघा. २००५ साली, एकही विमान उडण्याआधी, शंभर एअरबसची मागणी नोंदवली. २००६ मध्ये सुरुवात. विमान एकाच जातीचं. आधी मोठी शहरं, भरपूर फेऱ्या. लहान गावांसाठी एटीआर आणायला त्यांना अकरा वर्षं लागली, आणि कोल्हापूरला ती आली २०१९ मध्ये, हैदराबाद-तिरुपतीसाठी. तेरा वर्षांनी! ज्यांनी लहान गावांवर आधी जीव लावला त्या कंपन्या गेल्या, आणि जी सगळ्यात शेवटी आली ती टिकली. आम्हाला हे आवडत नाही, पण असं आहे. इंडिगोचं कोल्हापुरात तोट्याचं एखादं वर्ष गेलं तर उरलेले पैसे तिचेच दिल्ली-मुंबई मार्ग भरू शकतात. डेक्कनला तशी उशी नव्हती.

आणि आपल्या मातीतली स्टार एअर? जयसिंगपूर परिसरातल्या घोडावत गटाची. जानेवारी २०१९ मध्ये पहिलं उड्डाण केलं, पण कुठून? बेंगळुरू-हुबळी. कोल्हापूरच्या माणसाची कंपनी आणि कोल्हापूरला विमान नाही, म्हणून तेव्हा बरीच कुजबूज झाली. उघड कारण उजळाईवाडीलाच दिसत होतं. स्टार एअरचं विमान पन्नास जागांचं जेट, एम्ब्रेअर. आणि आपली धावपट्टी तेव्हा १,३७० मीटरची. पंख्याच्या एटीआरला ती कशीबशी पुरायची, जेटला पुरणार नाही. बेळगावची त्याआधीच २,३०० मीटर झाली होती. कोल्हापूरची वाढून १,९३० मीटर झाली, रात्री उतरायची सोय झाली, आणि २०२२ मध्ये स्टार एअरचं जेट इथून मुंबईला जायला लागलं. इथं उरलेले पैसे भरणारा पहिल्यांदाच जिल्ह्यातला आहे, हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पण तोही उद्योगपती आहे, धर्मशाळा चालवत नाही.

२०२३ मध्ये कॅगचा अहवाल आला. 'उडान'च्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालंच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि निधी संपल्यावर स्वतःच्या पायावर चालू राहिले किती? ५४. हे वाचून योजनाच फसली असं काही जण म्हणतात. आम्ही तसं म्हणणार नाही. योजना नसती तर कोल्हापूरला २०१८ नंतर काहीच आलं नसतं, धावपट्टी वाढली नसती आणि १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालेली ती दगडी कमानींची नवी इमारतही झाली नसती. पण ज्या मार्गाचा खर्च तीन वर्षांनंतरही तिकिटातून निघणार नाही, त्याचं काय करायचं, हे योजनेनं सांगितलेलं नाही. एस.टी.च्या बाबतीत आपण ते ठरवलेलं आहे: शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर जाणारी मुक्कामी गाडी तोट्यात असली तरी जाते, कारण ती गेलीच पाहिजे असं समाजानं मान्य केलंय. विमानाबाबत तसं म्हणायचं का? मुंबईला दोन तास लवकर पोचणाऱ्या माणसाचे उरलेले पैसे सगळ्यांनी मिळून भरायचे का? आमच्यातच यावर एकमत नाही. आजारी माणसाला, अवयव घेऊन जाणाऱ्या डॉक्टरला, परदेशी गिऱ्हाईक आणणाऱ्या फाउंड्रीवाल्याला विमान लागतं, हे खरं. आणि ती मुक्कामी गाडी अजूनही खडखडते, हेही खरं.

एक देणेकरी मात्र कुठल्याच ताळेबंदात येत नाही. धावपट्टी २,३०० मीटर करायची तर जमीन लागते, आणि ती गडमुडशिंगीची. मोठं एअरबस इथं पूर्ण भरून उतरावं असं वाटत असेल तर ती लांबी हवी. मोठं विमान आलं तरच एका खुर्चीचा खर्च खाली येतो, हे आपण आताच भागाकार करून पाहिलं. म्हणजे कोल्हापूरचं भाडं खरोखर स्वस्त व्हायचं की नाही, याचा एक धागा मुंबईच्या धावपट्टीत, एक डॉलरमध्ये आणि एक गडमुडशिंगीच्या सातबाऱ्यात अडकलेला आहे. ज्यांची शेतं त्या माळाला लागून आहेत त्यांच्यापैकी किती जण कधी विमानात बसले असतील? त्यांना बाजारभाव मिळाला का, मिळाला तर वेळेवर मिळाला का, घरटी काय ठरलं, हे विमानतळाच्या कार्यक्रमात कुणी विचारत नाही. आज त्या गावची काही मंडळी इथं आलेली आहेत असं आम्हाला सांगण्यात आलंय. आम्ही इथं थांबतो. माईक आधी त्यांच्याकडं द्या.